म्हसोबाची उसनी कडी

मी एक कडी बोलतेय. दाराला असते तसली मी नाही. मोटारीच्या पुढच्या दिव्याभोवती चकचकीत गोल कड असते ना, ती मी. डाव्या दिव्याची. सध्या माझा मुक्काम पाथर्डीच्या पुढं एका छोट्या वाडीत, म्हसोबाच्या डोक्यामागं आहे. मोटारीची कडी देवाच्या डोक्यामागं कशी गेली असं विचाराल, तर जरा दम धरा. पोटात इतकं साठलंय की कुठून सुरू करू असं झालंय. त्यातून नवरात्र बसलंय. आज-उद्या मला न्यायला येतील, आणि तोवर मला गप्प राहवणार नाही, म्हणून तुम्हाला धरलंय.

माझा जन्म अमेरिकेतला. ऐकायला मोठं वाटतं, पण जन्म म्हणजे काय, पितळेच्या पत्र्यावर एक दणका बसला आणि मी गोल झाले. मग अंगावर निकेलचं पाणी चढलं, त्यावर क्रोमचं. त्याच साच्यातून माझ्या पाठोपाठ माझी बहीण निघाली. तिला उजवा दिवा मिळाला, मला डावा. दोघींची तोंडं समोर, त्यामुळं आम्ही एकमेकींना कधी नीट पाहिलंच नाही. पण रस्त्यावर जे समोर यायचं ते दोघींना एकदम दिसायचं, आणि त्यावर दोघींचं मतही बहुतेक एकच असायचं.

आधी मुंबईत एका व्यापाऱ्याकडं वर्षं काढली. मग आमची काळी मोटार नगरला विकायला आली आणि सोनईच्या भिमाजी तात्यांनी ती घेतली. तात्या बागायतदार माणूस. विहिरीला पाणी, गुळाला त्या साली चांगला भाव, आणि फेट्याचा तुरा जरा जास्तच ताठ. त्यांना मोटार घेता आली. चालवता मात्र आली नाही. क्लच कुठला आणि ब्रेक कुठला, हे त्यांच्या डोक्याला कळायचं, पण पायाला पटायचं नाही. एकदा आम्ही कडब्याच्या गंजीत शिरलो, एकदा मारुतीच्या पारावर चढलो. शेवटी तात्यांनी पगारी ड्रायव्हर ठेवला आणि स्वतः शेजारी बसून 'सावकाश, सावकाश' म्हणायचं काम पत्करलं.

मागच्या सीटवर त्यांची बायको गोजरबाई बसायची. डोक्यावरचा पदर ढळू न देता ती ड्रायव्हरच्या हातापायांकडं एकटक बघायची. तात्यांना वाटायचं, बाई माणूस, मोटारीला घाबरतंय. पुढं ड्रायव्हर सोडून गेला आणि त्याच आठवड्यात शेजारची सून अडली. बैलगाडीनं नगर गाठेपर्यंत तिचं काही खरं नव्हतं. गोजरबाईनं तिला मागं निजवलं, नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि स्वतः चाकामागं जाऊन बसली. तात्या हँडल मारता मारता बघतच राहिले. पहिला फर्लांगभर आम्ही हेलकावे खाल्ले, मग बाईचा हात बसला. बहीण आणि मी दोघी त्या दिवशी इतक्या खूश होतो की समोरच्या धुळीचंही काही वाटलं नाही.

त्यानंतर आसपासच्या गावांत कुणी बाई अडली की निरोप सोनईला यायचा. आधी हसणारे लोक पुढं आपणहून रस्ता मोकळा करून द्यायचे. तात्या अजूनही शेजारी बसून 'सावकाश' म्हणत, पण गावात गेले की 'आमच्या मोटारीनं नेली' असं छाती काढून सांगत. गोजरबाईचं नाव 'मोटारवाल्या बाई' पडलं होतं. तात्यांना ते आवडायचं की खुपायचं, याचा अंदाज मला शेवटपर्यंत आला नाही.

मग एका नवरात्रात आम्ही मोहट्याच्या देवीला निघालो. पाथर्डी मागं पडली. वळणावर मेंढरांचा कळप अचानक रस्त्यात उतरला. बाईनं चाक फिरवलं. एकही मेंढरू मेलं नाही, गाडीत कुणाला खरचटलंही नाही. मात्र डावी बाजू बाभळीवर आदळली, दिव्याची काच फुटली आणि मी उडाले ती थेट ओढ्याकडेच्या झुडपात. पडल्या पडल्या मला तात्यांचा आवाज ऐकू आला. ते घाबरले होते. घाबरलेला माणूस फार मोठ्यानं बोलतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

"आजपासून चाकाला हात लावायचा न्हाई," ते म्हणाले.

बाई दार उघडून खाली उतरली. मला कुणी शोधलंही नाही. गाडी दुरुस्त करून कुणीतरी हाकत नेली आणि मी झुडपात आभाळाकडं तोंड करून पडून राहिले.

तिथं मला आसारामनं पाहिलं. कोरडवाहू शेती करणारा माणूस, शेळ्यांमागं हिंडत होता. भर दुपारी मी अशी झळाळत होते की त्याचे डोळे दिपले. ओढ्याच्या काठी त्याच्या घराण्याचा म्हसोबा होता: एक उभा दगड, वर छप्पर नाही, मागं भिंत नाही. म्हसोबाची पूजा, कौल, सगळं आसारामकडंच होतं. त्यानं मला दोन्ही हातांनी उचललं, कपाळाला लावलं आणि देवाच्या डोक्यामागं चिखलात घट्ट बसवलं. झाली प्रभावळ. मी आभाळातून पडले असं वाडीत सांगितलं जाऊ लागलं. एका अर्थी ते खोटंही नव्हतं.

पहिले काही दिवस मला हसू आवरेना. मग सवय झाली. लोक देवापुढं बसून काय काय बोलतात! शेळी हरवली, सासू बोलत नाही, पोराला दात येत नाहीत. देव गप्प असतो, त्यामुळं ऐकायचं काम माझ्याकडं आलं. दर अमावस्येला आसाराम देवाला तेल-शेंदूर चोपडायचा आणि हाताला उरलेलं माझ्या अंगाला पुसायचा. वर्षावर वर्षं गेली, थरावर थर चढला. मी बोटभर जाड शेंदरी वेटोळं झाले. आपण कधी चकाकत होतो हे मलाच खोटं वाटायला लागलं. बहिणीची आठवण मात्र यायची. समोरून काही गेलं की वाटायचं, हे आता एकटीनंच बघायचं.

तिकडं तिचं काय चाललं होतं, ते तिनं नंतर सांगितलं. तात्यांनी मोटार गोठ्यात उभी केली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या, छपरावर गोवऱ्या रचल्या गेल्या. बाजूची लांब चकचकीत पट्टी कुणीतरी उपटून गोठ्याच्या खिडकीला आडणा म्हणून लावली. एकटी गोजरबाई तिला विसरली नव्हती. सणावाराला घरची भांडी घासून झाली की ती उरलेली चिंच आणि राख घेऊन गोठ्यात जायची आणि माझ्या बहिणीला घासायची. पुढचा बंपर घासायची, रेडिएटरची चौकट घासायची. जीव लावून घासायची. हळूहळू क्रोम निघून गेलं, निकेलही गेलं आणि खालचं पिवळं पितळ दिसू लागलं. बाईला वाटलं, मळ गेला, खरी चमक वर आली. तिनं आणखी जोर लावला.

बाहत्तरला पाऊस दडून बसला. वाडीतल्या बाया खडी फोडायला गेल्या आणि साखर कारखाना सुरू झाल्यावर आसाराम बायकोला, लंकाबाईला, घेऊन ऊसतोडीला सोनईकडं उतरला. एक दिवस लंकाबाई ताक मागायला गोजरबाईच्या दारी आली. कोंबडीमागं गोठ्यात डोकावली आणि जागच्या जागी थबकली. डोक्यावरचा पदर सारखा करून तिनं मोटारीला हात जोडले.

"बाई, आमच्या म्हसोबाची प्रभावळ तुमच्या गाडीला कशी?" ती म्हणाली. "तिकडं एक हाय, शेंदूर चढायच्या आदी असाच घेर व्हता तिचा. ही जोडीची दिसती."

गोजरबाईनं कुठला म्हसोबा, कुठला ओढा, सगळं खोदून विचारलं. मग तिला असं हसू आलं की ती तिथंच गोवरीच्या ढिगावर बसली. लंकाबाईला काही कळलं नाही, पण समोरची इतकी हसतेय म्हटल्यावर तीही हसू लागली. त्या दिवशी ताकाबरोबर लोणी मिळालं. आणि लंकाबाईनं हट्टानं चाकामागं बसून भोंगाही वाजवून पाहिला, पण तो वाजला नाही.

पुढच्या साली पाऊस चांगला झाला. शेतं हिरवी झाली तसा तात्यांच्याही अंगात जोर आला. दोन नवे बैल आणायचे, त्यांना गोठ्यात जागा हवी. नगरच्या एका भंगारवाल्याला त्यांनी शब्द दिला: दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रक आण आणि मोटार घेऊन जा. घरी जेवताना त्यांनी हे सांगितलं, तेव्हा गोजरबाई भाकरी थापत होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, उलटली, ताटात वाढली आणि मग बोलली.

"दसऱ्याला तिची पूजा व्हईल. मी सवता चालवून शीव वलांडून आनीन. मग न्या."

"काणी मोटार पूजेला?" तात्या म्हणाले. "एका डोळ्याची गाडी सनाच्या दिवशी आडवी आली तर लोक माघारी फिरतील."

"आन् दोन डोळे केले तर?"

"तर घाल पूजा, वलांड शीव."

तात्या बिनघोर होते. तसली कडी आता अख्ख्या हिंदुस्थानात मिळायची नाही, हे त्यांना माहीत होतं. ती म्हसोबामागं आहे हे मात्र माहीत नव्हतं.

बाईनं भाच्याला, मच्छिंद्रला, बोलावलं. मच्छिंद्र ऑइल इंजिनं दुरुस्त करायचा. बंद पडलेलं काहीही दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. त्यानं बॉनेट उघडलं, आतलं उंदराचं घरटं बाहेर काढलं आणि शीळ घालायला लागला. इंजिनाचं त्याला काही वाटलं नाही. पण पुढं येऊन माझ्या बहिणीवरून बोट फिरवलं आणि शीळ बंद झाली.

"मामी, हे कशानं घासलं?"

"चिंच आन् राख. आनखी कशानं?"

"आवं, हे क्रोम व्हतं. तुमी सगळं काढून टाकलं."

"मळ व्हता तो," मामी ठाम होती. मग त्यानं दिव्याच्या आतल्या बाजूला, जिथं राखेचा हात पोचला नव्हता, तिथं उरलेली पांढरीशुभ्र कड दाखवली. गोजरबाई बघत राहिली. बारा वर्षं ज्या हातांनी माया केली त्याच हातांनी तिचं सोलणं झालं होतं. बाईचा चेहरा उतरला. बहीण म्हणते, मला त्या वेळी ओरडून सांगावंसं वाटलं, बाई, दुखलं नाही हो, तेवढंच कुणीतरी येत होतं.

मग काम असं सुरू झालं की गोठ्याचा कारखाना झाला. गोवऱ्या उतरल्या, कोंबड्यांना दुसरं घर मिळालं. वाकलेला बंपर मच्छिंद्रनं लोहाराकडं नेऊन लाकडी ठोकळ्यावर सरळ करून घेतला, लोखंडावर ठोकला तर खळगे पडतात म्हणून. खिडकीचा आडणा काढून घासला, तर आत लांब पट्टी निघाली. तिच्यातले पोचे मागून हळूहळू ठोकत वर काढले. बहीण, बंपर, रेडिएटरची चौकट, सगळं गाठोड्यात बांधून तो एसटीनं नगरला गेला. सायकलींच्या भागांना निकेल-क्रोमचं पाणी देणारा एक कारखानदार तिथं होता. त्यानं पॉलिश करून, हौदात बुडवून, दोन्हीचं पाणी चढवून दिलं. गाठोडं सोनईला सुटलं तेव्हा आळीतली माणसं गोळा झाली. गोजरबाईनं बहिणीत आपलं तोंड पाहिलं आणि लगेच हात मागं घेतला. पुन्हा कधी तिनं तिला ओल्या फडक्यापलीकडं काही लावलं नाही.

राहिला डावा डोळा. पुण्याच्या जुन्या बाजारातून दिवा आणि काच मिळाली, कडी नाहीच. मच्छिंद्रनं पिठाच्या चाळणीचा घेर कापून बसवून पाहिला. तात्या येता जाता बघत होते. ते म्हणाले, काणीपेक्षा ही तिरळी वाईट. आणि खरं सांगायचं तर मोटार तिरळीच दिसत होती.

दसऱ्याला आठवडा राहिला तेव्हा गोजरबाई मच्छिंद्रला घेऊन एसटीनं पाथर्डीला आणि तिथून जीपनं आमच्या वाडीला आली. मी देवामागून पाहिलं. केस पिकले होते, पण चाल तीच होती. माझं काय झालं ते कसं सांगू! शेंदराच्या आत मी थरथरले असेन, कारण कडेला एक बारीक तडा गेला.

आसारामनं सगळं ऐकून घेतलं. तो भला माणूस, पण देवाची वस्तू तो कोण देणार? वाडी जमली. कौल लावायचं ठरलं. त्यानं झेंडूच्या दोन पाकळ्या ओल्या करून देवाच्या दोन खांद्यांवर चिकटवल्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गोजरबाई पुढं बसली. तिनं विचारलं, माझ्या गाडीची कडी परत नेऊ का? मी तर सगळ्या नवसांची साक्षीदार, पण आज पहिल्यांदा मीच कुणाला तरी हवी होते. उजवी पड, उजवी पड, मी म्हणत राहिले.

डावी पडली.

गोजरबाईनं वाद घातला नाही. देवाला डोकं टेकवलं आणि गुडघ्यावर हात ठेवून उठू लागली. मच्छिंद्रचं तोंड एवढंसं झालं. तेव्हा लंकाबाई माणसांतून पुढं आली.

"बसा, बाई," ती म्हणाली. "कायमची कोन देईल? घरातलं भांडं तरी कोन कायमचं देतं? उसनी मागा. सनापुरती."

माणसांत कुजबुज झाली. उसनं मागितलेलं नाही म्हणू नये, हे वाडीला मान्य होतं. देवाला आहे की नाही ते बघायचं होतं. आसारामनं नव्या पाकळ्या लावल्या. गोजरबाईनं पुन्हा विचारलं, या वेळी सणापुरती उसनी म्हणून. पाकळ्या हलेनात. एका शेळीनं मध्येच बें केलं, तिला गप्प केलं गेलं. मग उजवी पाकळी अलगद सुटली आणि देवाच्या पायाशी येऊन पडली.

आता मला काढायची वेळ आली. आसारामनं बाजूनं कोयत्याच्या मुठीनं हलकेच ठोकलं आणि शेंदराची अख्खी खोळ खळकन गळून पडली. आत मी! नगरच्या पाण्याची गरज नाही, पॉलिशची नाही. बारा वर्षं तेल-शेंदरात राहून अमेरिकेतून निघाले तशी कोरी. वाडीच्या तोंडून एकच 'आं' निघालं. लगेच पाच-सहा जण म्हणायला लागले की ही द्यायची नाही, हा चमत्कार आहे. आसारामही घुटमळला. पण लंकाबाईनं मला पदरात गुंडाळलंसुद्धा होतं. देवानं दिली ती आपण अडवायची का, एवढंच तिनं विचारलं. मग गोजरबाईकडं वळली.

"मी राखनीला येते. जाताना माझ्या मांडीवर येईल. पन परत आनताना गाडीला लावूनच आनायची. कशाला नेली व्हती ते देवाला बी दिसू दे."

गोजरबाईनं शब्द दिला.

खंडेनवमीच्या दिवशी मच्छिंद्रनं मला बसवलं. खाच खाचेत गेली, इस्क्रू आवळला. शेजारी रेडिएटर आणि त्यापलीकडं ती. 'आलीस का,' एवढंच बहीण म्हणाली. मी तिला शेंदराच्या, शेळ्यांच्या, नवसांच्या गोष्टी सांगत सुटले. तिनं कोंबड्यांच्या सांगितल्या. आमचं बोलणं कुणाला ऐकू गेलं नाही हे बरं झालं, नाहीतर गोठ्यात कुणाला झोप लागली नसती.

दसऱ्याला दुपारी आम्हाला झेंडूच्या माळा घातल्या, हळदकुंकू लावलं. मच्छिंद्रनं हँडल मारलं. इंजिन खोकलं, गप्प झालं. पुन्हा मारलं. तात्या पारावर बसून दुसरीकडं बघण्याचं नाटक करत होते. तिसऱ्यांदा इंजिन असं धडधडलं की पारावरची कबुतरं उडाली. गोजरबाईनं काष्टा घट्ट केला आणि बसली. शेजारी लंकाबाई, मागं आळीतल्या बायका, एवढ्या की दार लागेना. आम्ही गल्लीतून निघालो, वेशीतून बाहेर पडलो, उसाच्या कडेकडेनं शिवेपर्यंत गेलो आणि दगड ओलांडला! बायकांनी आपट्याची पानं उधळली. लंकाबाईनं भोंगा दाबला. या वेळी तो वाजला आणि तिनं तो सोडलाच नाही. बाईचे डोळे भरले होते. पण तिचा हात मात्र जरासुद्धा हलला नाही. माझ्या अख्ख्या आयुष्यात मी इतकी आनंदात कधी नव्हते.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. भंगारवाला गाडीभोवती फिरला, खूश झाला. इतक्या चांगल्या स्थितीत माल मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं. लंकाबाई मोटारीच्या पायरीवर बसून होती. तिनं त्याला सरळ सांगितलं की डाव्या दिव्याला म्हसोबाची वस्तू आहे, हात लावायचा असेल तर लाव. त्यानं पुढं केलेला हात खिशात घातला. तात्यांनी त्याला चार दिवसांनी यायला सांगितलं. देवाचं उसनं फेडून येतो, मग गाडी तुझी. ते असं म्हणाले तेव्हा गोजरबाई काच पुसत होती. ती पुसतच राहिली.

परत करायला तात्या स्वतः निघाले. उसनं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून गोजरबाईनं पुरणपोळ्यांची दुरडी आणि देवाला नवी शाल घेतली. तात्या पुढं, बाईशेजारी बसले. मागं लंकाबाई आणि मच्छिंद्र. घोडेगावपर्यंत तात्यांनी सवयीनं दोन-चारदा 'सावकाश' म्हटलं. घोडेगावला पाणी भरायला थांबलो, तर एक बाई हातातली पिशवी टाकून धावत आली. तिच्याबरोबर तिच्यापेक्षा हातभर उंच तरणा मुलगा होता. तिनं त्याला गोजरबाईच्या पाया पडायला लावलं.

"या मोटारीनं नेलं नसतं तर हा न्हाई आन् मी बी न्हाई," ती तात्यांना म्हणाली.

तिसगाव आलं, पाथर्डी आली. तात्यांनी पुन्हा 'सावकाश' म्हटलं नाही. ते कधी रस्त्याकडं बघत, कधी बायकोच्या हातांकडं. काय विचार करत होते ते मला कसं कळणार, मी पुढं तोंड करून होते.

वाडीत गाडी थेट म्हसोबासमोर उभी केली. मच्छिंद्रनं इस्क्रू सोडला. आसारामनं मला घेतलं आणि देवामागं माझ्या जागेवर बसवलं. मी वर पाहिलं, तर समोर माझी बहीण. सगळा जन्म शेजारी काढला आणि समोरासमोर आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा आलो. किती देखणी होती ती! मग लक्षात आलं की मीही तशीच दिसत असणार. तिच्या पलीकडं माझी जागा रिकामी होती. मच्छिंद्र तिथं चाळणीचा घेर लावत होता. उद्या ट्रक येणार होता आणि आता तिच्या अंगावर देवाचं काही उरलं नव्हतं.

पोळ्या वाटून झाल्या, शाल चढली. गोजरबाई गाडीत जाऊन बसली होती, दोन्ही हात चाकावर ठेवून. तिनं काही मागितलं नाही. तात्या मात्र निघेनात. फेटा काढून मांडीवर घेतला आणि देवापुढं उकिडवे बसले. असा बिनफेट्याचा माणूस मी बारा वर्षांत देवापुढं पुष्कळ पाहिला होता; तात्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

"आसाराम, पाकळ्या लाव," ते म्हणाले. "मला इचारायचंय."

"काय इचारायचं, तात्या?"

तात्यांनी एकदा मागं वळून चाकामागच्या बायकोकडं पाहिलं. मांडीवरचा फेटा सारखा केला. आवाज बारीक निघाला.

"फुडल्या दसऱ्याला बी उसनी मिळंल का?"

आसारामनं पाकळ्यांसाठी हात पुढं केला. लंकाबाईनं तो धरला.

"ह्याला कौल कशाला लागतो?" ती म्हणाली.

गाडीत गोजरबाईचा हात चाकावरून सरकला. मग एकदम भोंगा वाजला, लांबलचक, आणि ओढ्यापलीकडची मेंढरं मान वर करून बघू लागली.

ही गोष्ट गेल्या वर्षीची. नवे बैल आले, त्यांच्यासाठी मोटारीशेजारीच छप्पर टाकलं, असं ऊसतोडीहून परतलेली लंकाबाई सांगत होती. भंगारवाला रिकामा ट्रक घेऊन गेला. वर्षभर मोटार तिरळ्या डोळ्यानं सोनईत फिरते आणि कुणी अपशकुन म्हणत नाही. मी इथं देवामागं. आसाराम आता शेंदूर लावताना मला चुकवतो आणि मलाच चुकल्यासारखं वाटतं. एवढंसं बोट लावलं तर काय बिघडतं त्याचं! लंकाबाईनं ठेवणीतलं लुगडं काढून ठेवलंय. भोंगा वाजवायचं काम यंदाही तिचंच.

तर वाचकहो, तुमच्याकडं माझं एवढंच मागणं. या दिवसांत तिसगावच्या रस्त्याला एक जुनी काळी मोटार दिसली, चाकामागं पिकल्या केसांची बाई आणि शेजारी गप्प बसलेला फेटेवाला गृहस्थ दिसला, तर जरा बाजूला होऊन वाट द्या. उसनं न्यायला निघालीत ती माणसं, आणि मी इथं वाट बघतेय.